चालायचंच

सकाळी साडेनऊला मी आर्वो लाहतीच्या कमरेला पट्टा बांधते,
बकल डाव्या अंगाला, म्हणजे टोचत नाही,
आणि म्हणते, नाक बोटांच्या पुढे आण.
हाताच्या नव्हे, पायाच्या.
हे त्याला दोन वर्षांपासून पाठ आहे.
तरी तो रोज आधी हाताकडे बघतो,
थट्टा म्हणून.

यक्सी, काक्सी, कोल्मे.
आजीकडून आलेली फिनिश
आता एवढीच उरली आहे, तीन आकड्यांपुरती.
तिसऱ्याला खुर्चीतून वजन सुटतं
आणि माझ्या मनगटात येतं.
पावणेदोनशे पौंड नव्हेत, तेवढं मी उचलत नाही.
फक्त त्याच्या शंकेचं.

कॉरिडॉरमध्ये दर दहा फुटांवर मी निळी चिकटपट्टी लावली आहे.
वॉकरच्या मागच्या पायांना टेनिसचे बॉल,
मोज्यांच्या तळव्यांना रबराचे ठिपके,
मागून चाकाची खुर्ची ढकलत मार्लिस,
खिडकीत सुपीरियर सरोवर, मार्चातही गोठलेलं.
बघणाऱ्याला वाटेल मिरवणूक निघाली आहे
आणि देव दमला आहे.

फिजिओथेरपिस्ट डिसेंबरात गेला. कागदावर लिहून गेला:
सुधारणा थांबली.
सुधारणा थांबली की विम्याचे पैसे थांबतात
आणि मग माझं काम सुरू होतं.
बरं करणं नाही. आहे ते जाऊ न देणं.
घरी मुलगा विचारतो, आज कोण बरं झालं?
कोणी नाही, मी सांगते, आणि भात वाढते.

बर्नडीन पेल्कीचा उजवा हात मुठीत मिटत चालला आहे.
टेलिफोन एक्स्चेंजमध्ये याच बोटांनी तिने अख्खं गाव जोडलं.
कोमट पाण्यात धरून मी एकेक बोट सोडवते,
करंगळीपासून, अंगठ्यापासून कधीच नाही.
परवा आत बिस्किटाचा तुकडा निघाला, बुधवारचा.
दोघींनी तो बराच वेळ गंभीरपणे पाहिला.

फेब्रुवारीत फ्लू आला. तिघी कामावर येईनात,
मला उचलून आंघोळींना लावलं.
अकरा दिवस.
तक्त्यात अकरा रिकाम्या चौकटी, आणि कोणी ओरडलं नाही.
चालायचंच, म्हणाले सगळे.
चालायचंच, मीही म्हणाले,
आणि चाललं मात्र कोणीच नाही.

बाराव्या दिवशी आर्वो सातव्या पट्टीवरून दुसरीवर आला होता.
गुडघा पुरता उलगडेना,
घडी घालून शेडमध्ये विसरलेल्या ताडपत्रीसारखा.
कुठे होतीस? त्याने विचारलं.
इथेच, मी म्हणाले. तीस फुटांवर.

कागदावर त्याचं ध्येय मी लिहिलं आहे,
एका व्यक्तीच्या आधाराने पन्नास फूट.
त्याचं ध्येय ते नाही.
नाताळच्या आधी माझा कान जवळ घेऊन त्याने सांगितलं होतं
आणि ते कुठल्याच रकान्यात बसत नाही:
अडतीस वर्षं लोहखनिजाच्या धक्क्यावर, कडाक्याच्या थंडीत,
सरोवराकडे तोंड करून जे उभ्याने केलं
ते बसून करायचं नाही.
शेवटपर्यंत नाही.

आज तिसरी पट्टी. मग डावीकडे बाथरूम,
नऊ पावलं, त्यातलं एक चुकलेलं.
दांडी धर.
धरली.
मी मागून पट्टा धरून, मान वळवून,
भिंतीवरच्या फरश्या मोजते. सोळा, सतरा.
चोविसाव्या फरशीला तडा आहे, हे मला आजच कळलं.
खूप वेळ काहीच नाही.
नळ थोडा सोडू का?
सोड.

मग आवाज येतो,
आधी अडखळत, मग बऱ्यापैकी.
दाराबाहेरून मार्लिस विचारते, खुर्ची आणू?
थांब, तो म्हणतो.
अजून उभा आहे.